लिलाव शेवटच्या सेकंदाला जिंकता येतो का?

थोडं लांब लिहितोय. पण ठाणे, कल्याण, डोंबिवलीत घर शोधणाऱ्यांनी आणि ज्यांच्या घराचे हप्ते थकलेत त्यांनीही शेवटपर्यंत वाचावं, ही विनंती.

गेले काही महिने आमच्या माजिवडा नाक्यावर चहा पिताना एक विषय हमखास निघतो. बँकेच्या लिलावातला फ्लॅट. ‘बाजारभावापेक्षा पाच-सात लाख स्वस्त पडतो म्हणे.’ विषय निघायला कारणही तसंच आहे. बाळकुम, कोलशेत, घोडबंदर रोड, कुठेही दर विचारा, माणूस गप्प होतो. मेट्रोचे खांब उभे राहिले आणि भाव त्यांच्याही वर गेले. मग भाड्याच्या घरात राहणारा नोकरदार पेपरात येणाऱ्या लिलावाच्या नोटिसा वाचायला लागतो.

त्यात आता नवीन भर पडलीय ती ‘सॉफ्टवेअर’ची. एजंट मंडळी सांगतात, ‘साहेब, तुम्ही काही करू नका. आमचं सॉफ्टवेअर शेवटच्या तीन सेकंदांत आपोआप बोली टाकतं. समोरच्याला बटण दाबायला वेळच मिळत नाही.’ याचे दहा-पंधरा हजार घेतात. लोक देतात.

वीस वर्षं या भागात बातमीदारी करतोय. अशा नोटिसा छापून येतात तेव्हा त्यांची प्रुफंही कधीकाळी वाचली आहेत. त्यामुळे लोक मला विचारतात, ‘दादा, हे चालतं का हो?’ प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो.

आधी ही युक्ती मुळात कुठली, ते बघू.

इंग्लंडात सतराव्या शतकात मेणबत्तीवर लिलाव व्हायचे. इंचभर मेणबत्ती पेटवायची. ती विझेपर्यंत बोल्या लावायच्या. विझताना ज्याची बोली शेवटची, त्याचा माल. सॅम्युअल पेपिस नावाचा नौदलाच्या कचेरीतला अधिकारी रोजनिशी लिहायचा. १६६२ साली त्याने जहाजांच्या अशाच एका लिलावाची नोंद केलीय. एक गडी बरोबर शेवटच्या क्षणी ओरडायचा आणि जिंकायचा. पेपिसला नवल वाटलं. तो गडी म्हणाला, ज्योत विझायच्या ऐन वेळी धूर खाली उतरतो, मी त्याच्यावर नजर ठेवून असतो. म्हणजे शेवटच्या सेकंदाची हाव साडेतीनशे वर्षांहून जुनी आहे. तेव्हा धूर बघायचे, आता कॉम्प्युटर घड्याळ बघतो. एवढाच फरक.

पुढे १९९५ साली अमेरिकेत ईबे निघालं. तिथे लिलाव ठरलेल्या मिनिटाला बंद. समजा रात्री नऊ वाजून सतरा मिनिटांनी संपणार, म्हणजे तेव्हाच संपणार. आपल्याकडे मुंबईत सुरू झालेलं बाझी डॉट कॉम ईबेने २००४ मध्ये विकत घेतलं, आणि जुनी नाणी, पोस्टाची तिकिटं, कॅमेरे यांचे शौकीन तिथे बोल्या लावू लागले. ईबेचा तो भारतातला धंदा २०१८ च्या ऑगस्टमध्ये बंद झाला. पण ज्यांनी तेव्हा बोल्या लावल्यात त्यांना आठवत असेल. दिवसभर आपली बोली सगळ्यात वर असते आणि शेवटच्या पाच सेकंदांत कुणीतरी पन्नास रुपये जास्त लावून वस्तू घेऊन जातो. तो माणूस जागा असेलच असं नाही. त्याने आकडा भरून ठेवलेला असायचा, काम यंत्र करायचं.

ही लबाडी आहे का? माझ्या मते नाही. लवकर बोली लावली की समोरच्याला कळतं, ही वस्तू कुणाला तरी हवीय. मग तो चढतो. गप्प बसून शेवटी एकदाच आपला खरा आकडा लावला तर त्याला चढायला वेळ मिळत नाही. नियम तसा असेल तर हे शहाणपण आहे.

पण सगळी गंमत ‘नियम तसा असेल तर’ या शब्दांत आहे.

ऑल्विन रॉथ आणि अॅक्सेल ओकेनफेल्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये एक निबंध छापला. रॉथ यांना पुढे २०१२ चं नोबेल मिळालं. त्यांनी ईबे आणि अॅमेझॉन यांच्या तेव्हाच्या लिलावांची तुलना केली. अॅमेझॉनवर नियम वेगळा होता. शेवटच्या दहा मिनिटांत कुणी बोली लावली की लिलाव पुढे ढकलला जायचा आणि दहा मिनिटं कुणीच काही बोललं नाही तरच संपायचा. निष्कर्ष सरळ होता. ईबेवर शेवटच्या क्षणी बोल्यांची झुंबड, अॅमेझॉनवर ती कितीतरी कमी. ईबेवर माणूस जितका मुरलेला तितका उशिरा बोली लावायचा. अॅमेझॉनवर मुरलेला माणूस उलट लवकर लावायचा. माणसं तशीच असतात. लिलाव कसा संपतो त्यावर त्यांची चाल ठरते.

आता आपल्या बँकांच्या लिलावात काय नियम आहे? नोटिसीच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, साधारण असं वाक्य असतं: ‘सकाळी ११ ते दुपारी १, प्रत्येकी ५ मिनिटांच्या अमर्याद मुदतवाढीसह.’ काही ठिकाणी पाचाऐवजी दहा मिनिटं असतात. अर्थ इतकाच, की शेवटच्या पाच मिनिटांत कुणी बोली लावली की घड्याळ पुन्हा पाच मिनिटं पुढे. असं कितीही वेळा.

आपल्याला हे नवीन नाही. गावच्या जत्रेत नारळाचा लिलाव बघितलाय ना? बोली थांबली की पुकारणारा म्हणतो, ‘एकवार... दोनवार...’ आणि तीनवार म्हणायच्या आत कुणी आकडा वाढवला की पुन्हा एकवारपासून सुरू. २०२५ च्या एप्रिलमध्ये रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात राज्य सरकारने मध्यस्थामार्फत ४७ लाख १५ हजारांना मिळवली. तिथेही घड्याळ नसतं, हातोडा असतो. नवी बोली येत असेल तोवर हातोडा पडत नाही. बँकेच्या लिलावातली पाच मिनिटं म्हणजे हेच आपलं एकवार-दोनवार. इथे धूर बघून ओरडणाऱ्याचा काही उपयोग नाही. तो ओरडला की मेणबत्ती पुन्हा पेटते.

मग त्या सॉफ्टवेअरचं काय होतं? मी शेजारी बसून पाहिलंय.

माझा एक मावसभाऊ डोंबिवलीला भाड्याने राहतो, वागळे इस्टेटला नोकरीला आहे. बाळकुमचा एक फ्लॅट लिलावात निघाला. राखीव किंमत ४६ लाख, अनामत ४ लाख ६० हजार, बोली वाढवायची ती पंचवीस-पंचवीस हजारांनी. त्याने एजंटाला पंधरा हजार दिलेले. मला म्हणाला, ‘दादा, तू फक्त बसायला ये.’ त्याच्या बायकोने आदल्या रात्रीच कालनिर्णयच्या मागच्या पानावर हिशोब केला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘५२ लाख. पुढे नाही.’

एक वाजायला तीन सेकंद असताना सॉफ्टवेअरने ४६ लाख ७५ हजारांची बोली टाकली. भाऊ खुर्चीतून उठलाच. घड्याळावर पुन्हा पाच मिनिटं. मिनिटभरात समोरच्याने ४७ लाख केले. आपलं सॉफ्टवेअर पुन्हा शेवटचे तीन सेकंद उरेपर्यंत गप्प, मग ४७ लाख २५ हजार. पुन्हा पाच मिनिटं. समोरचा ४७ लाख ५० हजार. असं अकरा वेळा झालं. अकरा वेळा आमचं यंत्र शेवटच्या तीन सेकंदांत बोललं आणि अकरा वेळा समोरच्याला विचार करायला पाच मिनिटं मिळाली. दोन वाजून गेले. समोरच्याने ५२ लाख लावले. आता आपण ५२ लाख २५ हजार.

भाऊ म्हणाला, ‘अजून एकदा. पंचवीस हजारांनी काय होतं?’

त्याची बायको म्हणाली, ‘पंचवीस हजारांनीच इथपर्यंत आलोय. बंद करा आता.’

बंद केलं. फ्लॅट समोरच्याला गेला. अनामत परत मिळाली. पंधरा हजार गेले.

त्या दिवशी उपयोगी पडली ती कालनिर्णयवरची ओळ. ती लिहिली तेव्हा घड्याळ चालू नव्हतं. लिलाव सुरू झाला की आकडा लहान दिसायला लागतो. पंचवीस हजार म्हणजे त्या घरातला जवळपास महिन्याचा पगार, पण स्क्रीनवर ती फक्त पुढची पायरी वाटते. काही संकेतस्थळांवर स्वतःचीच ‘ऑटो बिड’ सोय असते. तुम्ही कमाल आकडा भरायचा, यंत्र गरजेपुरतंच एकेक पायरी चढतं आणि तुमच्या आकड्याला थांबतं. मला ती सोय वाईट वाटत नाही. यंत्राला मोह नसतो. पण आकडा आधी माणसाने ठरवावा लागतो आणि मग तो मध्येच बदलायचा नसतो.

आता ५२ लाखांच्या पुढे गेला असता तर काय झालं असतं? सरफेसी कायदा २००२ चा. त्याखालचे नियम सांगतात, बोली जिंकली की २५ टक्के रक्कम, अनामत धरून, त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरायची. म्हणजे तेरा लाखांहून जास्त. उरलेले ७५ टक्के, एकोणचाळीस लाखांहून जास्त, विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. लेखी संमतीने मुदत वाढते, पण तीन महिन्यांपलीकडे नाही. शिवाय ठाण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क, बाईच्या नावावर असेल तर ६. नोंदणीचे तीस हजार. भावाकडे सगळं धरून, बायकोचे दागिने मोडून, बारा लाख होते. बाकी कर्जावर भिस्त. आणि लिलावातल्या घराला कर्ज देताना दुसरी बँक कागद तपासत बसते, पंधरा दिवस तिला पुरतीलच असं नाही.

पैसे वेळेत भरले नाहीत तर? भरलेले २५ टक्के जप्त. यावर २ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, सेंट्रल बँक विरुद्ध षण्मुगवेलू. तमिळनाडूतली मालमत्ता, बोली १२ कोटी २७ लाखांची. खरेदीदाराला उरलेली रक्कम मुदतीत भरता आली नाही. त्याचे तीन कोटींहून जास्त जप्त झाले. उच्च न्यायालयाने थोडा दिलासा दिला होता, सर्वोच्च न्यायालयाने तोही काढून घेतला. बँकेने तीच मालमत्ता पुढे जास्त भावाने विकली होती, तरीही. कोर्टाचं म्हणणं असं की जप्तीचा धाक नसेल तर कुणीही उठून मोठी बोली लावेल आणि पळून जाईल. ते बरोबरच आहे. पण सॉफ्टवेअर विकणारा एजंट हे सांगत नाही.

आणखी एक गोष्ट एजंट मागतो. तुमचा लॉगिन, पासवर्ड आणि मोबाइलवर येणारा ओटीपी. सरकारी बँकांच्या मालमत्ता आता ‘बँकनेट’ या संकेतस्थळावर येतात. तिथे तुमची ओळख पटवून घेतात, अनामत तुमच्या नावाच्या वॉलेटमध्ये असते. तुमच्या लॉगिनने लागलेली बोली ही तुमचीच बोली. ‘मी नाही, एजंटाने लावली’ असं म्हणून सुटका होत नाही. घराची किल्ली कुणाला देतो तेवढाच विचार पासवर्ड देताना करा.

नोटिसीत अजून एक वाक्य असतं, ‘जसे आहे जेथे आहे, जसे आहे जे आहे’ तत्त्वावर. आमच्या पेपरातल्या नोटिसांमधलं सगळ्यात महाग वाक्य हेच. सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर, आत कुणी राहत असेल तर ते, सगळं घेणाऱ्याच्या गळ्यात येऊ शकतं. आधीच्या मालकाची विजेची थकबाकी नव्या मालकाकडून मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये के. सी. निनान प्रकरणात सांगितलंय. आणि कल्याण-डोंबिवलीत तर मूळ इमारतच अधिकृत आहे का, इथून सुरुवात करावी लागते. ६५ बेकायदा इमारतींचं प्रकरण विसरला नसाल. बनावट परवानग्यांवर महारेराची नोंदणी मिळवलेल्या इमारती. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या. तिथल्या लोकांकडेही कागद होते, शिक्के होते. तेव्हा शेवटचे तीन सेकंद सोडा, आधीचे तीन आठवडे कामाचे असतात. पहिल्या विक्रीच्या वेळी नोटिसीपासून तीस दिवस मिळतात. ते महापालिकेत, सोसायटीच्या ऑफिसात आणि वकिलाकडे घालवा.

आता ज्या बाजूबद्दल नाक्यावर कुणी बोलत नाही, ती.

लिलावात निघालेला फ्लॅट कुणाचा तरी असतो. कुणाची नोकरी गेली, कुणाचा धंदा बसला, कुणाच्या घरात आजारपण आलं. कायद्याप्रमाणे लिलावातून आलेल्या पैशातून बँक आपलं येणं आणि खर्च वळते करते, आणि काही उरलं तर ते त्या कर्जदाराचं. कमी पडलं तर उरलेलं कर्ज त्याच्याच डोक्यावर राहतं. घर जातं आणि वसुलीही चालू राहते. म्हणजे लिलावातल्या प्रत्येक पंचवीस हजारांच्या पायरीशी त्या कुटुंबाचा संबंध आहे. ४६ लाख ७५ हजारांना शेवटच्या सेकंदात फ्लॅट आपल्याला मिळाला असता तर आपण पेढे वाटले असते. पण त्या कुटुंबाच्या हिशोबातले सव्वापाच लाख गेले असते. पाच मिनिटांची मुदतवाढ घर घेणाऱ्याला कटकट वाटते. घर गमावणाऱ्याला ती शेवटची मदत आहे. म्हणून हा नियम असाच राहावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि ज्यांचे हप्ते थकलेत त्यांनी एक तारीख लक्षात ठेवा. लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याची तारीख. २०१६ च्या दुरुस्तीनंतर सगळी थकबाकी भरून घर सोडवण्याचा हक्क ती नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. हे प्रकरण आपल्याच भागातलं आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या टीटीसी औद्योगिक क्षेत्रातला बाफना मोटर्सचा भूखंड. आठ लिलाव फुकट गेले, नवव्यात १०५ कोटी ५ लाखांची बोली लागली. मग कर्जदार १२९ कोटी घेऊन आला. उच्च न्यायालयाने त्याला परवानगी दिली. सर्वोच्च न्यायालयाने २१ सप्टेंबर २०२३ ला ती रद्द केली, नोटीस निघाल्यावर तो हक्क संपला म्हणून. चोवीस कोटी जास्त देऊनही उशीर तो उशीरच. खरी शेवटची मिनिटं तिथे संपतात, लिलावाच्या दिवशी दुपारी एकला नाही. तेव्हा बँकेचं पाकीट आलं की कपाटात टाकू नका. उघडा, वकिलाकडे जा, बँकेत जाऊन बोला.

बँकांकडेही एक मागणी आहे. नोटीस दोन वर्तमानपत्रांत आणि त्यातलं एक स्थानिक भाषेतलं हवं, हे नियमातच आहे. मराठीत ती छापून येते, पण ती मराठी वाचून मराठी माणसाला काही कळत नाही. ‘इसारा अनामत रक्कम’ म्हणजे काय हे मला दहा जणांनी विचारलंय. लिलाव कसा संपणार, पैसे कधी भरायचे, नाही भरले तर किती जाणार, थकबाकी काय आहे, या चार ओळी साध्या मराठीत, मोठ्या अक्षरात, नोटिसीच्या वरच्या बाजूला छापा. जागेचे पैसे तसेही तुम्ही भरताच. एवढं झालं तरी ‘सॉफ्टवेअर’वाल्यांची निम्मी गिऱ्हाइकं कमी होतील.

तोपर्यंत, तुमच्या हातात अशी नोटीस असेल आणि अर्थ लागत नसेल, तर तिचा फोटो मेसेजमध्ये पाठवा. मी वकील नाही, पण त्यात काय लिहिलंय ते वाचून नक्की सांगेन. पैसे लागणार नाहीत. आणि ओळखीत कुणी एजंटाला पासवर्ड द्यायला निघालं असेल, तर ही पोस्ट त्याला आजच पाठवा.